गौराक्काचा जबाब

"गौराक्का, हा काय धोबीघाट मांडलाय?"

मी हे म्हणालो आणि स्वतःच हसलो. प्लॉटात काम करणाऱ्या पाच बायकांपैकी एकही हसली नाही.

एकाहत्तर साली लावलेलं ते सागवन. वनखात्यात सगळे त्याला 'एकाहत्तरचा प्लॉट' म्हणत. त्या दिवशी त्या प्लॉटात जिकडं बघावं तिकडं वेली लोंबत होत्या. झाडावर चढलेल्या नव्हेत, मुळासकट उपटून मुद्दाम टांगलेल्या. कुठं सागाच्या बेचक्यात, कुठं वाळक्या फांदीवर, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोन झाडांना काथ्याचा दोर बांधून त्यावर ओळीनं. काही तपकिरी पडल्या होत्या, काही अजून हिरव्या होत्या.

"वाळाय घातलीया, सायेब," गौराक्का म्हणाली. कमरेला कोयता खोचलेला, पदर डोक्यावरून मागं बांधलेला. "ही बया कापून मरत न्हाई. भुईला टेकली की पुना उठती. वाऱ्यावर टांगली तरच मरती."

"कापल्यावर कसली उठतेय?"

तिनं पायाजवळचा वेलीचा एक तुकडा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरून त्याची पेरं नखानं दाखवली. "ह्ये बगा. ह्या पेराला मूळ फुटतंय, ह्या पेराला फुटतंय. ही एक वेल न्हाई, सा हाईत. आपुन तोडतो आन तिला वाटतंय, बरं झालं, लेकरं येगळी निघाली."

आता मात्र बायका हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. वनरक्षक होऊन आठ महिने झाले होते आणि खाकी शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून मी झाडाला टेकतही नसे. घरी आई म्हणायची, "बाळा, तुला ताटातली भाकरीसुद्धा गोल लागते." खरंच होतं ते. वाकडं, विस्कटलेलं, पसरलेलं काही दिसलं की माझं डोकं फिरायचं. आणि इथं तर सरकारी जंगलात वेलींची धुणी वाळत होती.

ही वेल आमच्या भागातली नव्हती. कुणी म्हणे रोपवाटिकेच्या मातीतून आली, कुणी म्हणे लाकडाच्या ट्रकांबरोबर आली. पान नाजूक, बदामाच्या आकाराचं. दसऱ्यानंतर पांढऱ्या फुलांचा फेस यायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय छान. पण एका पावसाळ्यात ती सागाच्या शेंड्याला पोचायची आणि वरून अशी पांघरूण घालायची की खालचं झाड उन्हाविना गुदमरून जायचं. शेळवणे गावचे लोक तिला 'पावणी' म्हणत. आली ती गेलीच नाही, म्हणून पावणी.

आणि शेळवण्यात तिला सगळ्यात जास्त ओळखणारी होती गौराक्का. घर बुरडाचं. नवरा वारलेला, मुलगी नांदायला गेलेली. एरवी ती बुट्ट्या, सुपं, दुरड्या विणायची आणि पावसाळा संपत आला की आमच्याकडं वेलतोडीच्या कामावर यायची. विणण्यासाठी लागणारा बांबू, म्हणजे मेस, तिच्या सासऱ्यानं ओढ्याच्या वळणावर लावलेला. तीस-पस्तीस वर्षांचं बेट होतं ते. जागा कागदोपत्री खात्याची, पण बेट तिचंच, हे गावात आणि खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्याच गार्डनं आजवर त्याला हात लावला नव्हता. त्या बेटावर तिची चूल चालायची, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या संध्याकाळी आमच्या तपासणी नाक्यावर रेंजर चौगुले साहेब आले. जीपमधून न उतरताच म्हणाले, "हत्तरगी, परवा मोठे साहेब येतायत. एकाहत्तरचा प्लॉट बघणार म्हणतात. मला तिथली जमीन आरशासारखी दिसली पाहिजे."

"साहेब, वेली कापून वाळायला टांगल्यात अजून."

"कुठं टांगल्यात?"

चौगुले साहेब जूनपासून त्या प्लॉटात गेले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, की साहेब, टांगल्या आहेत त्या कारणानं टांगल्या आहेत. पण मी म्हणालो, "काही नाही साहेब, उद्या उचलून टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकांना सांगितलं, "सगळ्या वेली उतरवा आणि ओढ्यात सोडा."

चौघी गौराक्काकडं बघायला लागल्या. ती म्हणाली, "वड्यात नको, सायेब. वर कातळावर न्हिऊया. तितं माती न्हाई, पसरून टाकली की वाळती."

"कातळ अर्धा मैल चढ आहे. दोन दिवस लागतील. साहेब उद्या येतायत."

"मग सायबास्नी सांगा, का टांगलीया ती."

"साहेबांना मी शिकवू?"

"तुमी न्हाई तर मी सांगती."

हे मला लागलं. आठ महिन्यांत मी तिला नेहमी 'तुम्ही' म्हणत आलो होतो. वयानं आईएवढी बाई. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून 'तू' निघालं.

"तू काम करायला आलीयस का मला काम शिकवायला?"

तिनं ते ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाली, "खाली वळणाला माजं बेट हाय, सायेब. ह्यो वडा तितं गाळ टाकतोय. पानी सगळं तिकडंच जातंय. वेल तितं लागली तर मला मेस मिळायची न्हाई."

"तुझ्या बेटासाठी सरकारचं काम अडवायचं का?"

"अडवत न्हाई. वड्यात नको, येवढंच म्हनती."

"जमत नसेल तर घरी जा."

तिनं कोयता कमरेला खोचला आणि गेली. गावाकडं नव्हे, ओढ्याच्या कडेनं खाली. मला वाटलं, रुसून बसायला गेली असेल.

उरलेल्या चौघींनी वेली उतरवायला सुरुवात केली. शेवंता म्हणून त्यांच्यातली एक होती, ती एक-एक वेल अगदी हळू टाकत होती. ते बघून मी बाह्या सरसावल्या आणि स्वतः भारे उचलून पाण्यात फेकायला लागलो. ओढा अजून भरून वाहत होता. वेली फिरत, गुंतत, दगडाला अडखळत जायच्या आणि नजरेआड व्हायच्या. त्या गेल्या की मोकळी झालेली जागा बघून मला मनापासून बरं वाटायचं.

दुपारी भाकरी खाल्ल्यावर मी ओढ्याकडेनं खाली गेलो. वळणाशी पोचलो तर गौराक्का गुडघाभर पाण्यात उभी. दोन्ही काठांवरच्या दगडांवर आडव्या मेसकाठ्या टाकून तिनं बांधासारखं काहीतरी केलं होतं आणि त्याला अडकलेल्या वेली ती दोन्ही हातांनी ओढून काढत होती. काठावर वेलींचा ढीग तिच्या कमरेएवढा झाला होता. लुगडं छातीपर्यंत भिजलेलं. बोटं पाण्यानं पांढरीफटक पडली होती. आणि ती एक वेल काढते तोवर दोन काठ्यांखालून निसटून बेटाकडं जात होत्या.

मला बघितल्यावर ती म्हणाली, "सायेब, जरा दमानं टाकाय सांगा की पोरींस्नी. येकटीला झेपंना झालंय."

एवढंच मागत होती. थांबवा म्हणाली नाही. दमानं टाका म्हणाली.

मी परत वर गेलो आणि बायकांना म्हणालो, "आटपा लवकर. चारच्या आत सगळं संपलं पाहिजे."

ते चारच्या आत संपलं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. प्लॉटात उभे राहून त्यांनी चौफेर नजर टाकली. खाली पाचोळासुद्धा ओळीत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "याला म्हणतात काम." पुढच्या महिन्यात शाबासकीचं पत्र आलं. वडिलांनी गडहिंग्लजला ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फ्रेम दाखवायचे आणि मी तिथं असलो तर मुद्दाम घरामागच्या परड्यात जायचो. लोकांना वाटायचं, पोरगा लाजाळू आहे.

गौराक्का पुन्हा कामावर आली. मी तिला काही बोललो नाही आणि तीही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी परत 'तुम्ही' म्हणायला लागलो. ती फावल्या वेळात बेटात जाऊन पावणी उपटायची, हे मला माहीत होतं. सकाळी लवकर जायची, कामावर येताना हात चिखलानं भरलेले असायचे. पण बेटाच्या आत, दाट कोंबांच्या मधोमध, जिथं माणूस शिरत नाही, तिथं रुजलेली वेल एका बाईच्यानं कशी निघणार?

दोन पावसाळे गेले. पावणीनं बेट झाकून टाकलं. लांबून बघितलं तर हिरवी टेकडीच दिसायची, मेस दिसायचीच नाही. आणि मग तिनं ओढा ओलांडला. पलीकडं खात्यानं नुकताच लावलेला नव्वदचा प्लॉट होता, सागाची पोरसवदा रोपं. त्यांच्यावर ती चढली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

तोवर चौगुले साहेब बदलून गेले होते. नवे रेंजर होते शिंत्रे. कडक माणूस. स्वतः चालून प्लॉट बघायचे, स्वतः वेल हातात घेऊन बघायचे. त्यांनी मला बोलावलं.

"हत्तरगी, ही आली कुठून? सुरुवात कुठं झाली ते शोधा. आसपासच्या लोकांचे जबाब घ्या. जिथं मूळ असेल तिथून मुळासकट काढायची. आणि कुणाच्या हलगर्जीपणामुळं आली असेल, तर तो कोणीही असो, मी त्याला सोडणार नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझी त्या रात्रीची झोप गेली. वेली ओढ्यात कुणी टाकायला लावल्या, हे चार बायकांना माहीत होतं आणि पाचवी गौराक्का. चौघी बोलणार नाहीत, याची मला खात्री होती. पुढच्या वर्षीचं काम माझ्याच हातात होतं. पण गौराक्काचं काय? बेट तिचं. वेल तिच्या बेटातून पलीकडं गेली. तिचा जबाब घेतल्याशिवाय भागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर बसून बुट्टी वळत होती. मेस लांबून, आजऱ्याच्या बाजारातून आणलेली होती. ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"या सायेब. च्या ठेवती."

"नको, गौराक्का. जबाब घ्यायला आलोय. वेलीबद्दल."

"च्या घेत घेत घ्या की जबाब."

तिनं चहा केला. गुळाचा, आलं घातलेला. मग समोर बसली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "इचारा."

"वेल कुठून आली, ते सांगायचं."

ती हळू आवाजात म्हणाली, "वरनं आली. एकाहत्तरच्या प्लॉटातनं, वड्याच्या पाण्याबरुबर. येवढंच लिवा. कुनी टाकली, कदी टाकली, ते नका लिवू."

मी मान वर केली.

"आवो, नवी नोकरी हाय तुमची," ती म्हणाली. "चूक हुती मानसाकडनं. पावसात व्हावून आली म्हून लिवा. पावसाला कोन इचारतंय? फकस्त माज्या बेटाला हात लावू नका म्हनावं. मी आन शेवंता मिळून बेट साफ करतो. दोन वरसं लागतील, पन करतो. वाळत घालून करतो."

आजही ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. मला वाचवून मगच ती स्वतःचं मागत होती.

पण कागद मी आदल्या दिवशीच खोलीवर बसून लिहून आणला होता. स्वच्छ, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. एक खाडाखोड नव्हती त्यात. पिशवीत कोरे कागद होते, पेन खिशात होतं. तिच्या सांगण्याप्रमाणं नवा लिहिणं पाच मिनिटांचं काम. मी ते का केलं नाही, याची कारणं मी पुढं कैक वर्षं शोधली. कधी वाटलं भीती, कधी वाटलं आळस. खरं सांगायचं तर, पाऊस लिहिला असता तरी शिंत्रे साहेब वर चढून प्लॉट बघायला गेले असते आणि तिथल्या बायकांना विचारलं असतं. मला तेवढीही जोखीम नको होती.

मी लिहिलेला कागद काढला आणि वाचल्यासारखं केलं. "मी गौराबाई, राहणार शेळवणे. सदर वेल वरच्या प्लॉटातून ओढ्याच्या पाण्याबरोबर पावसात वाहून माझ्या बेटात आली. बेट साफ करण्याची माझी तयारी आहे. बेट तोडू नये. जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

"झ्याक लिवलंय," ती म्हणाली. "शिकल्याल्या मानसाचं बरं असतंय."

मी शाईचा पॅड उघडला. तिनं डावा अंगठा पुढं केला. बांबूच्या चिरांनी भरलेला तो अंगठा मी माझ्या हातानं धरून कागदावर टेकवला. ठसा नीट उमटला. निघताना तिनं मला एक दुरडी दिली. "आईला न्हिऊन द्या गडहिंग्लजला," म्हणाली. मी ती घेतली.

आठवड्यानं शिंत्रे साहेब सात-आठ माणसं घेऊन बेटाशी आले. कुऱ्हाडी, कुदळी, रॉकेलचा डबा. मी बरोबर होतोच. बातमी लागताच गौराक्का धावत आली. अनवाणी, हातात अर्धवट वळलेली बुट्टी तशीच.

"सायेब, ह्ये काय करायलाईसा?"

शिंत्रे साहेब तिला चांगल्या शब्दांत म्हणाले, "बाई, तुमच्याच जबाबाप्रमाणं करतोय. बेट तोडायला तुमची हरकत नाही, असं तुम्ही लिहून दिलंय."

"मी? मी तर तोडू नका म्हून सांगितलंय."

साहेबांनी फाइल उघडली आणि कागद तिच्यापुढं धरला. तिनं कागदाकडं बघितलं. तिला त्यातला एकच भाग ओळखता येत होता.

"हा अंगठा तुमचा का?"

"माजाच हाय."

साहेब माझ्याकडं वळले. "हत्तरगी, वाचून दाखवला होता ना जबाब?"

"होय साहेब," मी म्हणालो. "शब्द न् शब्द."

गौराक्कानं माझ्याकडं बघितलं. मी फाइलकडं बघत राहिलो. आता ती सगळं सांगणार, असं मला वाटलं. ओढा, वेली, तो दिवस, माझं फेकणं. तिनं सांगितलं असतं तर शिंत्रे साहेबांनी ऐकलंही असतं, तसा माणूस होता तो. पण ती माझ्याकडं नुसती बघत होती. राग नव्हता त्यात. कुणीतरी ओळखीचं माणूस आपल्याला ओळखत नाही म्हणाल्यावर आपण जसं बघतो, तसं बघत होती.

"अंगठा माजा हाय तर तोडा," ती म्हणाली. "मेस तेवडी न्हिऊ द्या."

"तेही नाही जमणार, बाई. प्रत्येक काठीला वेल गुंडाळलीय. एक पेर जरी गावात गेलं तरी पुन्हा सुरू." साहेब बरोबरच बोलत होते. तिनंच दोन वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं होतं.

बेट तोडलं आणि जागीच पेटवलं. मेस पेटली की तिची पेरं फुटतात. एकेक पेर फटाक्यासारखं फुटत होतं आणि प्रत्येक आवाजाला गौराक्काचे खांदे हलत होते. शेवंता तिला घरी ओढत होती, ती जात नव्हती. बुट्टी तिच्या हातातच होती. शेवटी तिनं ती बुट्टीही जाळात टाकली आणि गेली.

त्यानंतर ती वेलतोडीला आली नाही. बाजारातून आणलेल्या चार काठ्यांवर काही दिवस तिनं विणलं, मग तेही सुटलं. लोकांच्या शेतात तण भांगलायला जाताना दिसायची. मी समोरून आलो की ती वाट सोडून उभी राहायची, जशी सगळेच खाकी कपड्याला सोडत. आधी तिनं कधीच सोडली नव्हती.

मी बदली मागितली. मिळाली नाही. अजून दोन वर्षं मी तिथंच होतो आणि दुरडी माझ्या खोलीत खुंटीला होती. ती आईला द्यायचं धाडस मला झालं नाही.

त्या काळात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. शेळवण्यातही शाळेत दुपारचा वर्ग भरायचा. बायका पाट्या घेऊन जायच्या आणि पोरं त्यांना चिडवायची, "आये, गृहपाठ केलास का?" गौराक्का जाते, एवढं माझ्या कानावर आलं होतं. मला बरं वाटलं. तिचं मन कशात तरी रमलं असेल, असा मी सोयीचा अर्थ काढला.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारी मी नाक्यावर टेबलाशी बसलो होतो. दारात सावली पडली. गौराक्का होती. केस पांढरे झालेले, हातात घडी घातलेला कागद.

"या," मी उठून उभा राहिलो. "बसा, गौराक्का."

"बसत न्हाई. येक वाचून दाखवाय आलीया."

तिनं घडी उघडली. खात्याचा शिक्का मी लांबूनच ओळखला. जबाबाची नक्कल होती ती. रेंज ऑफिसात अर्ज करून आणलेली, आणि अर्जाखाली तिनं स्वतः सही केली होती, हे मला नंतर कळलं.

ती दारातच उभी राहिली. कागद उजेडात धरला. एका बोटानं ओळ पकडली आणि वाचायला लागली. मोठ्यानं, एकेक अक्षर लावत, मध्येच अडत, पुन्हा मागं येऊन जोडत.

"मी... गौ-रा-बाई... रा-हणार शेळवणे... लिहून देते की... स-दर वेल प्रथम... माझ्या बे-टात... उगवली. मी ती... वे-ळीच... काढली नाही."

इथं ती थांबली. श्वास घेतला. मी म्हणालो, "गौराक्का, राहू दे."

"थांबा. मोडलं की पुना पयल्यापासनं वाचाय लागतंय." तिनं बोट परत ओळीवर ठेवलं. "तेथून ती... वर... व पली-कडे... प-सरली. यात... वन-खात्याच्या... कर्म-चाऱ्यांची... काही चूक नाही. बेट तोड-ण्यास... माझी... ह-रकत नाही."

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडी जाईपर्यंत गौराक्का थांबली, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

"स-दर जबाब... मला... वाचून दाख-वला. तो... माझ्या सांग-ण्या-प्रमाणे... बरो-बर आहे."

तिनं कागद खाली घेतला. कपाळावर घाम आला होता.

"बरुबर वाचलं न्हवं, सायेब?"

"बरोबर वाचलंत," मी म्हणालो.

"येक बी अक्षर चुकलं न्हाई?"

"नाही."

तिनं मान हलवली. वर्गात मास्तरांनी बरोबर म्हटल्यावर हलवतात, तशी.

"मला चार महिने झाले शिकाय लागून," ती म्हणाली. "तुमी तर कालेजात गेल्यालं. मग त्या दिशी तुमास्नी का वाचाय आलं न्हाई?"

ती उत्तरासाठी थांबली होती, खरोखरच थांबली होती. थोड्या वेळानं तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि पायऱ्या उतरली.

नाक्याच्या आवाराला तारेचं कुंपण होतं. फाटकाशी पोचल्यावर ती वाकली. तिथं कुंपणाच्या खाली पावणीचं एक कोवळं टोक जमिनीवरून सरपटत आलं होतं. मी रोज त्यावरून ये-जा करत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. तिनं ते मुळासकट उपटलं, मुळाची माती झटकली आणि सवयीनं तारेवर टांगलं, जमिनीला टेकणार नाही असं, उंच.

मग ती फाटक लावून गेली.

ती वेल वाळायला नऊ दिवस लागले. मी त्या नऊ दिवसांत तिला हात लावला नाही.